धूळपाटीपासून उपग्रहापर्यंत

शिक्षणाच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एखादें नवें साधन निघालें, कीं त्याचे पुरस्कर्ते सांगूं लागतात कीं, आतां शाळेचें रूप पालटणार, पुस्तकें मागें पडणार आणि मास्तरांचें काम यंत्र करणार. दहावीस वर्षें लोटतात. शाळा आपल्या जागीं असते, पुस्तकेंही असतात, आणि तें साधन मात्र एखाद्या कपाटांत कुलूपबंद होऊन पडलेलें आढळतें. मग पुढचें साधन येतें, व तीच भाषा नव्या नांवानें पुन्हा ऐकूं येते. आज संगणक, मोबाइल, आणि अगदीं अलीकडे माणसाप्रमाणें उत्तरें देणारीं यंत्रें यांच्यासंबंधानें घरोघरीं जी चर्चा चालते, ती ऐकतांना ह्या जुन्या आवर्तनाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ज्यांचीं मुलें शाळेंत जात आहेत त्यांच्या दृष्टीनें हा विषय केवळ कुतूहलाचा नव्हे. शाळेचा पैसा कशावर खर्च व्हावा, मुलाचा वेळ कशांत जावा, आणि शिक्षकाकडून कशाची अपेक्षा करावी, हे तिन्ही प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत.

अशा साधनांच्या यशापयशाचें कारण त्या साधनांच्याच गुणदोषांत शोधण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तें तेथें सांपडत नाहीं. गेल्या साडेतीनशें वर्षांतील कांहीं ठळक प्रयोग तपासून पाहिले, तर असें दिसतें कीं, साधन कोणतेंही असो, पाठाची आखणी करणाऱ्यानें त्याला पाठांत नेमकी जागा करून दिली तेथें तें फळाला आलें. आणि जेथें साधन आधीं आलें व पाठ मागाहून त्याच्या मापानें कापला गेला, तेथें तें व्यर्थ झालें. हें विधान दिसावयास साधें आहे; परंतु तें खरें असेल तर आपल्या खर्चाचा व अपेक्षांचा क्रमच बदलावा लागेल. यास्तव तें उदाहरणांनीं पारखून घेणें अवश्य आहे.

पहिलें उदाहरण चित्राचें. मोरेव्हियांतील धर्मोपदेशक व शिक्षणवेत्ता कोमेनियस यानें १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. तें लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत होतें, आणि पुढच्याच वर्षीं चार्ल्स हूल यानें त्याचें इंग्रजी रूप काढलें. पुस्तकांत चित्रें घालणें ही कांहीं फार मोठी कल्पना नव्हे. कोमेनियसचें खरें कर्तृत्व एका बारीक युक्तींत आहे. चित्रांतील प्रत्येक वस्तूवर त्यानें अंक घातला, आणि शेजारच्या मजकुरांत त्या वस्तूचें नांव आलें कीं तेथें तोच अंक दिला. त्यामुळें मुलाची दृष्टि शब्दावरून वस्तूवर व वस्तूवरून शब्दावर फिरत राहते. चित्र शोभेसाठीं नव्हतें. मुलानें कोणत्या क्षणीं त्याच्याकडे पाहावें, हें आधींच ठरलेलें होतें. साधनाला पाठांत जागा करून देणें म्हणजे काय, तें ह्या अंकांवरून समजतें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील असून तें अधिक बोलकें आहे. अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रास येथील लष्करी अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख होता. तेथील शिक्षक कंटाळलेले व मुलें मागासलेलीं होतीं. एके दिवशीं फिरावयास गेला असतां त्यानें एका देशी शाळेंतील मुलें जमिनीवर बसून वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं. आपल्याकडील जुन्या पिढीला धुळाक्षरें व धूळपाटी यांचा परिचय असल्यानें त्यांत नवल वाटावयाचें नाहीं. परंतु बेलला तें दृश्य एखाद्या शोधासारखें वाटलें. कागद नको, शाई नको, चूक झाली तर तळव्यानें पुसून टाकावी आणि पुन्हा लिहावें! त्यानें ती वाळू आपल्या शाळेंत आणली.

आणि येथेंच साधनाची कसोटी लागली. शाळेंतील शिक्षकांनीं हें काम मनावर घेतलें नाहीं. वाळू तीच, अक्षरेंही तींच. पण मुलाजवळ बसून अक्षर काढून दाखविणारा, त्याचें पाहणारा, तें पुसवून पुन्हा काढविणारा कोणी नसल्यामुळें कांहींच साधेना. तेव्हां बेलनें अक्षरओळखीचा वर्ग शाळेंतल्याच एका चुणचुणीत मुलाच्या हवालीं केला, आणि जें शिक्षकांच्या हातून होत नव्हतें तें त्या मुलाच्या हातून झालें. त्यावरून बेलनें अशी पद्धति बसविली कीं, ज्या मुलांस येतें त्यांनीं ज्यांना येत नाहीं त्यांस शिकवावें. इंग्लंडांत परतल्यावर १७९७ सालीं त्यानें आपल्या प्रयोगाची हकीकत छापली, आणि ती पद्धति मद्रासी पद्धति म्हणून गाजली. तिकडे जोसेफ लँकेस्टर यानें लंडनमध्यें तशीच पद्धति चालविली होती. पुढें एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां, १८२२ मध्यें स्थापन झालेल्या शालापुस्तकांच्या व शाळांच्या सोसायटीनें जी शिक्षणव्यवस्था उभारली, तींत ती लँकेस्टरच्या नांवानें आपल्याकडे परत आली. जी वस्तु मलबारी मुलांच्या बोटांखालून गेली ती विलायती मुद्रा घेऊन माघारीं आली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

पण त्या पद्धतीचा शेवटही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें स्वस्तांत शिकवितां येतात, एवढाच तिचा गुण पुढाऱ्यांस दिसूं लागला. मग पाठ हा पाठ न राहतां कवायत झाला. घंटा, हुकूम, उच्चार, पुन्हा हुकूम. शिक्षणाचें काम नीट व्हावें म्हणून जी योजना निघाली ती शिक्षकाचा पगार वांचविण्याची योजना बनली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती ठिकठिकाणीं मागें पडली. नव्या साधनाचा विचार शिक्षकाच्या ऐवजीं म्हणून होऊं लागला कीं त्याचा ऱ्हास आरंभला असें समजावें.

विसाव्या शतकांत साधनांचा वेग वाढला. १९१३ सालीं एडिसननें एका मुलाखतींत असें भविष्य केलें कीं, शाळांतून पुस्तकें लवकरच कालबाह्य होतील, आणि दहा वर्षांत चलच्चित्रांच्या योगानें सर्व शाळापद्धति बदलून जाईल. दहा वर्षें गेलीं. पुस्तकें गेलीं नाहींत. १९२४ पासून इंग्लंडमध्यें बी.बी.सी.नें शाळांसाठीं नभोवाणीचे कार्यक्रम सुरू केले. त्यांत एक शहाणपणाची गोष्ट अशी होती कीं, कार्यक्रमांच्या जोडीला छापील पुस्तिका काढण्यांत येत. कार्यक्रमांत काय येणार हें शिक्षकास आधीं कळे, आणि मुलांची तयारी करून घेण्यास व मागाहून प्रश्न विचारण्यास त्याला वाव राही. हे कार्यक्रम शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकले, याचें श्रेय आवाजाइतकेंच ह्या पुस्तिकांसही दिलें पाहिजे.

यापुढचीं तीन उदाहरणें जवळजवळ एकाच काळांतलीं आहेत, आणि तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होतें.

पॅसिफिक महासागरांतील अमेरिकन सामोआ ह्या लहानशा बेटांच्या प्रदेशांत १९६४ सालीं गव्हर्नर रेक्स ली यानें एक धाडसी योजना अमलांत आणली. तेथील शाळा मोडकळीस आलेल्या होत्या, आणि शिक्षकांचें शिक्षण बेताचें होतें. सर्व शिक्षक बदलावयाचे तर पिढी जावी लागेल. म्हणून मुख्य पाठ दूरचित्रवाणीवरूनच द्यावयाचे असें ठरलें. राजधानीच्या स्टुडिओंत निवडक शिक्षक पाठ देत, सहा वाहिन्यांवरून ते बेटाबेटांवरील वर्गांत पोंचत, आणि वर्गांतील शिक्षकानें पाठाच्या मागेंपुढें नेमून दिलेली उजळणी करून घ्यावयाची. आरंभीं, विशेषतः लहान मुलांच्या वर्गांतून, ह्याचें स्वागत झालें. परंतु वर्षें गेलीं तसतसे वरच्या वर्गांतील विद्यार्थी कंटाळूं लागले. स्टुडिओंतल्या शिक्षकास त्यांची शंका ऐकूं जात नव्हती, आणि त्यांच्यासाठीं त्याला थांबतांही येत नव्हतें. इकडे वर्गांतले शिक्षक अधिक शिकले, आणि आपल्या वर्गाचा पाठ दुसऱ्यानें आंखावा हें त्यांस मानवेना. १९७० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणी मुख्य आसनावरून उतरून पूरक साधनाच्या जागीं गेली. यंत्र बिघडलें होतें असें नव्हे. वर्गांत बसलेल्या दोन्ही पक्षांना पाठाच्या आखणींत जागा नव्हती.

दुसरें उदाहरण मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशाचें. १९७४ मध्यें तेथील शिक्षणखात्यानें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या साहाय्यानें प्राथमिक गणिताचे पाठ रेडिओवरून देण्यास प्रारंभ केला. रेडिओ हें दूरचित्रवाणीहून गरीब साधन. त्यांत चित्र नाहीं, फळा नाहीं, आणि गणितासारखा विषय! तथापि ह्या पाठांची रचना विलक्षण होती. रेडिओवरील आवाज एक प्रश्न विचारी आणि मग थांबे. तो थांबण्याचा अवधि मोजून ठेवलेला असे. तेवढ्यांत मुलें मोठ्यानें उत्तर देत, किंवा वहींत लिहीत, किंवा समोरच्या वस्तू मोजीत. मग आवाज बरोबर उत्तर सांगे व पुढें जाई. सुमारें अर्ध्या तासाच्या कार्यक्रमांत मुलाला वारंवार कांहींतरी करावें लागे, आणि कार्यक्रम संपल्यावर राहिलेल्या तासांत शिक्षक दिलेल्या सूचनांप्रमाणें तोच धडा पुढें नेई. पाठ तयार झाला कीं तो प्रत्यक्ष वर्गांत लावून पाहत, मुलें कोठें अडखळतात तें टिपीत, आणि त्याप्रमाणें पुढील पाठ सुधारीत. परीक्षा घेतल्या तेव्हां ह्या वर्गांतील मुलें इतर मुलांहून पुष्कळच पुढें असल्याचें आढळलें. सामोआंत साधन श्रीमंत होतें आणि मूल प्रेक्षक होतें. निकाराग्वांत साधन गरीब होतें, पण मुलाच्या उत्तरासाठीं त्यांत मुद्दाम शांततेची जागा राखलेली होती.

तिसरें उदाहरण आपल्या भारताचें. विक्रम साराभाई यांच्या पुढाकारानें १९६९ मध्यें भारत व अमेरिका यांच्यांत एक करार झाला, आणि त्यान्वयें अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह एका वर्षापुरता आपल्या कामीं आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या अवधींत आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ह्या सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम उतरविण्यांत आले. जाळीच्या तारेनें बनविलेली तीन मीटर व्यासाची थाळी शाळेशेजारीं उभी करावयाची आणि गांवांत एक संच बसवावयाचा, अशी ती व्यवस्था होती. साराभाई १९७१ च्या डिसेंबरांत निवर्तले. आपलें स्वप्न प्रत्यक्ष पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. अहमदाबादच्या केंद्राची धुरा तेव्हां यश पाल यांच्याकडे होती, आणि मुलांसाठींचे विज्ञानविषयक कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत.

सकाळीं दीड तास पांच ते बारा वर्षांच्या मुलांसाठीं राखलेला होता. भाषा चार असल्यामुळें प्रत्येक भाषेच्या वांट्यास बाविसेक मिनिटें येत. पहिलीपासून वरपर्यंतचीं सारीं मुलें एकाच संचासमोर दाटीवाटीनें बसत, त्यामुळें कोणत्याही एका इयत्तेचा पाठ त्यांत बसविणें शक्य नव्हतें. योजकांनीं हें ओळखून अभ्यासक्रम शिकविण्याचा हट्ट धरला नाहीं. मुलांत कुतूहल उत्पन्न व्हावें एवढाच हेतु ठेवला. साधनाची मर्यादा आधीं मान्य करणें हाही आखणीचाच एक भाग होय.

परंतु ह्या प्रयोगांतील जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मुलांसाठीं नव्हता, शिक्षकांसाठीं होता. प्राथमिक शाळांतील सुमारें ५०,००० शिक्षकांस दोन खेपांत विज्ञान शिकविण्याचें शिक्षण देण्यांत आलें. त्यांत दूरचित्रवाणीवरील पाठ होते, रेडिओवरील पाठ होते, छापील साहित्य होतें, आणि गांवांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंनीं स्वतः प्रयोग करून पाहण्याचें काम होतें. चारही साधनें एकाच धड्यासाठीं वापरलेलीं, आणि प्रत्येकाचें काम निराळें. जें पाहिल्यावांचून कळत नाहीं तें चित्रानें दाखवावें. जें ऐकून समजतें तें रेडिओनें सांगावें. जें पुन्हा पुन्हा पाहावें लागतें तें कागदावर असावें. आणि जें केल्यावांचून येत नाहीं तें हातांनीं करावें. वर्ष संपलें व उपग्रह कराराप्रमाणें परत गेला. संच मुके झाले. परंतु पाणी, हवा, प्रकाश यांचे प्रयोग ज्या शिक्षकांनीं आपल्या हातांनीं केले होते, त्यांच्याजवळून तें ज्ञान कोणत्याही करारानें परत घेतां येण्यासारखें नव्हतें.

याच्या उलट उदाहरण पेरू देशाचें देतां येईल. तेथील सरकारनें लाखों मुलांस स्वस्त संगणक वांटले. २०१२ सालीं ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं, संगणक पोंचले, मुलें ते वापरूं लागलीं, पण भाषा व गणित ह्या विषयांत त्यांची प्रगति झाली असें म्हणतां येत नाहीं. रोजच्या पाठांत त्या संगणकानें कोणतें काम करावयाचें, याविषयीं शिक्षकास पुरेसें मार्गदर्शन मिळालेलें नव्हतें. मद्रासची वाळू आणि पेरूचा संगणक यांच्यांत सव्वादोनशें वर्षांचें अंतर आहे. अडचण मात्र एकच.

येथें एक आक्षेप येईल. रिचर्ड क्लार्क ह्या अमेरिकन विद्वानानें १९८३ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, साधन हें माल वाहणाऱ्या गाडीसारखें आहे. गाडीनें अन्नाचें पोषण वाढत नाहीं. मग साधनांचा विचारच कशाला करावा? आम्हांस हें मत एकांगी वाटतें. कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, त्या विशिष्ट साधनावांचून दिसतच नाहींत. याचें एक सुंदर उदाहरण दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास घालून दिलें. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं त्यांनीं वाटाण्याचें बीं रुजून त्याचें रोप कसें वाढतें, त्याचीं थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्रें टिपून एक लहानसा चित्रपट तयार केला. कित्येक दिवसांची वाढ त्यामुळें कांहीं क्षणांत डोळ्यांसमोर उभी राहिली. फाळक्यांचा हेतु भांडवलदारांची खात्री पटविण्याचा होता. पण शिक्षकाच्या दृष्टीनें पाहिलें तर काळाचा संकोच करण्याची ही शक्ति फळ्याला नाहीं, पुस्तकाला नाहीं, आणि खुद्द कुंडींतल्या रोपालाही नाहीं.

आतां अशा चित्रपटाभोंवतीं पाठ कसा आंखावा, तें पाहूं. नुसता चित्रपट दाखविला तर मुलें टाळ्या पिटतील आणि दुसऱ्या दिवशीं विसरतील. शहाणा शिक्षक आपल्या टांचणाच्या वहींत प्रथम हें लिहील कीं, तासाच्या शेवटीं मुलाला काय सांगतां वा करतां आलें पाहिजे. उदाहरणार्थ, मूळ आधीं फुटतें कीं कोंब, हें त्याला स्वतः पाहून सांगतां यावें. मग आठवडाभर आधीं तो मुलांकडून वाटाणे ओल्या फडक्यांत रुजत घालवील आणि रोज काय दिसलें तें लिहून ठेवावयास सांगेल. चित्रपट दाखविण्यापूर्वीं तो विचारील, “आधीं काय फुटेल?” मुलांचीं उत्तरें फळ्यावर लिहील. चित्रपट मध्येंच थांबवून पुन्हा विचारील. शेवटीं मुलें आपली टिपणवही व पडद्यावरचें दृश्य ताडून पाहतील. चित्रपट दोन मिनिटांचा, पाठ आठवड्याचा. पण तीं दोन मिनिटें आठवडाभराच्या निरीक्षणास अर्थ देतात. आणि वीज गेली तर काय, याचेंही उत्तर त्या वहींत असतें: फडक्यांतले वाटाणे कोठें जात नाहींत.

२०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां साधनांशीं आपणां सर्वांची ओळख सक्तीनें झाली. ज्या घरीं मोबाइल नव्हता तेथें शाळाच नव्हती, आणि जेथें होता तेथेंही पुष्कळदां मुलानें पडद्यासमोर नुसतें बसावें एवढीच अपेक्षा राहिली. त्याच वर्षीं सह्याद्रि वाहिनीवर आलेल्या ‘टिलीमिली’ ह्या मालिकेंत घरांतल्याच वस्तूंनीं मुलांनीं कांहीं करून पाहावें असा प्रयत्न होता. त्याची दिशा निकाराग्वाच्याच जातीची होती. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पानांवर आतां क्यूआर कोड छापलेले असतात. कोमेनियसचा अंक जें काम करीत असे तेंच काम हा चौकोन करूं शकेल. मात्र मुलानें त्याच्याकडे कधीं, कशासाठीं व कोणता प्रश्न मनांत ठेवून वळावें, हें कोणीतरी ठरविलें असलें पाहिजे.

तें ठरविण्यास वेळ लागतो. चित्रपट आधीं पाहणें, थांबण्याच्या जागा निवडणें, प्रश्न तयार करणें, वाटाणे आणून ठेवणें, हें काम घंटेच्या आंत होत नाहीं. यंत्राची किंमत पावतीवर छापलेली असते, म्हणून ती समाजास दिसते. ह्या तयारीची किंमत कोठेंच लिहिलेली नसते, म्हणून ती कोणी देत नाहीं. जनगणना, निवडणुका व नाना तऱ्हेचे तक्ते भरण्यांत ज्याचा दिवस जातो त्या शिक्षकाच्या वर्गांत उत्तमांतलें उत्तम यंत्र नेऊन ठेवलें, तरी त्यानें तें केव्हां आंखावें आणि केव्हां वापरावें?

पाल्यास शाळेंत घालतांना संगणक किती, पडदे किती, अशी चौकशी करण्याची रीत आतां पडली आहे. ती करावी, परंतु तिच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावे. येथील शिक्षकांस पाठाची तयारी करण्यास आठवड्यांतून किती तास मोकळे मिळतात? आणि गेल्या महिन्यांत तो पडदा ज्या पाठांत वापरला, त्याचें टांचण पाहावयास मिळेल काय? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्या शाळेजवळ असतील तेथें एक जुना रेडिओही पुष्कळ शिकवून जाईल.